ओळख दाखवायची नाही

खुर्चीचं बटण दाबून सुहासिनीबाईंनी दुखरे गुडघे सरळ केले आणि त्या चक्क आडव्या झाल्या. सून याच विमानात हवाईसुंदरी. ज्या नोकरीला त्या एरवी नाक मुरडत, तिच्याच कृपेने पुढच्या महागड्या वर्गातली ही रिकामी खुर्ची त्यांना फुकटात मिळाली होती. सुनेची अट एकच होती, ओळख दाखवायची नाही.

तेवढ्यात शेजारचे गृहस्थ खवळले. पूर्ण पैसे भरूनही त्यांची खुर्ची मागे जाईना. सून आली, बटणं दाबून पाहिली आणि सासूबाईंपुढे वाकली. “मॅडम, ही जागा यांना द्यावी लागेल. बिघडलेल्या खुर्चीवर कुणाला बसवता येत नाही, तुम्ही मागे चला.”

घरात टीव्हीचा रिमोटही न सोडणाऱ्या सुहासिनीबाई मुकाट्याने उठल्या आणि पार शेवटी, संडासाला लागून असलेल्या खुर्चीत कशाबशा मावल्या.

शेजारणीने चौकशी केली, हकिगत ऐकून हळहळली. “आणि तुम्ही ऐकून घेतलंत? कोण ती एवढी शिष्ट?”

“माझी सून,” त्या बोलून गेल्या.

“अगं बाई! सासूलाच उठवलं?”

समोरच्या खुर्चीला टेकलेले गुडघे चोळत सुहासिनीबाई ताठ बसल्या.

“मग काय, पैसे भरणाऱ्याला उठवेल? नोकरी करते ती.”