बाबांचा झेला

"झाडावर चढलास तर तंगडी मोडून ठेवीन! बाप पडून मेला तेवढं पुरे नाही?" काका ओरडला.

"मग त्या मादीनं ढोलीत उपाशी मरायचं?" मीपण ओरडलो.

धनेशाची मादी अंडी घालताना ढोलीचं तोंड लिंपून आत बसते. बारीक फट ठेवते, नर तिथून फळं भरवतो. आज तो नर विजेच्या तारेखाली मेलेला सापडला. पिवळीधमक चोच, त्यात उंबर तसंच. मला रडू आलं नाही. बाबा गेले तेव्हापण आलं नव्हतं.

"फोडेल की ती भिंत," काका म्हणाला.

"पिसं झडतात आत. उडणार कशी?"

तेवढ्यात आईच्या खोलीचं दार किलकिलं झालं. बाराव्यापासून ती बाहेर आली नव्हती. काकू ताट दारातनंच आत सरकवायची. फटीतून बाबांचा आंबे काढायचा झेला बाहेर आला. लांब काठी, टोकाला जाळी.

"खालनं पोचतं," आई म्हणाली. "चढू नको."

मी जाळीत उंबरं भरली. दाराकडे बघितलं नाही.

निघतो आता, उजेड आहे तोवर पोचायचंय.