एक खोकला, दोन खोकले

साल १९९८, गुरुवारची सकाळ. घड्याळजींनी दुकान बंद केल्याला सात वर्षं झाली होती, गाडी मात्र ते अजून चालवायचे. आठवड्यातून दोनदा बायकोला कमरेच्या शेकासाठी दवाखान्यात न्यायचं, परत आणायचं.

एरवी गाडीत दोघंच असत. त्या दिवशी मुलगी न सांगता आली आणि "मीही येते" म्हणत मागे बसली. बंपरला पडलेला नवा पोचा तिने पाहिला होता.

घड्याळजींना हातातली केसाएवढी स्प्रिंग दिसे. दहा हातांपलीकडचं सगळं धुक्यात. दोन वर्षं बायकोच त्यांना रस्ता सांगत होती. "लाल. थांबा. आता चला. डावीकडे सायकल." मुलीसमोर हे बोलायची सोय नव्हती. म्हणून जिना उतरतानाच कुजबुजत ठरलं: एक खोकला म्हणजे ब्रेक, दोन म्हणजे चला.

दोन चौक सुरळीत गेले.

"आई, किती खोकतेस गं!"

"हवा बदललीय."

तिसऱ्या चौकात दिवा हिरवा होता. बायको दोनदा खोकली. गाडी चौकाच्या मधोमध आली आणि तिच्या घशात खरोखरच खवखवलं. तिने तोंडावर रुमाल दाबला, तरी खोकला निसटलाच. एकच.

घड्याळजींनी करकचून ब्रेक दाबला. मागून लांबलचक हॉर्न, चाकांचा कर्कश आवाज. ट्रक हातभर अंतरावर थांबला. "काका, घरी झोपा की!" ट्रकवाला ओरडला.

"बाबा, दिवा हिरवा होता," मुलगी म्हणाली.

"माहीत आहे."

"मग थांबलात का?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको हातातल्या रुमालाकडे बघत होती. मुलीला कळायचं ते कळलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"मला व्यवस्थित दिसतं. केसाएवढी स्प्रिंग दिसते."

"ट्रक केसाएवढा नसतो, बाबा. दवाखान्याची गाडी दारातून नेते, दारात सोडते. कितीदा सांगितलं!"

"ती म्हाताऱ्यांची गाडी आहे."

"आणि तुम्ही कोण लागून गेलात?"

ते बायकोकडे वळले. "तू सांग हिला. आपलं नीट चाललंय ना?"

तिने रुमालाची घडी घातली.

"अहो, दमले हो मी. दोन वर्षं रस्त्यात पापणी मिटलेली नाही."

मागे हॉर्न वाजत होते. "थोडं डावीकडे घ्या," ती आता उघडच म्हणाली. "अजून. बास." घड्याळजींनी गाडी कडेला लावली, किल्ली काढली आणि मुलीने पुढे केलेला हात टाळून बायकोच्या मुठीत ठेवली.

गाडी महिन्याभरात एका शिक्षकाने नेली. मुलगी आता साठीची झाली. कुणी सांगायच्या आत दरवर्षी डोळे तपासून घेते. आईबाप दोघंही नाहीत. आधी आई गेली, दोन वर्षांनी वडील.

त्याआधी सहा वर्षं दोघं दवाखान्याच्या गाडीतून जात-येत होते. गल्लीचं वळण यायच्या आत बायकोला गाढ झोप लागे. कधी झोपेतच ती एकदा खोकायची, आणि शेजारी बसलेल्या घड्याळजींचा उजवा पाय गाडीच्या तळावर घट्ट दाबला जायचा.