नावाचं कडवं

गाणं संपलं तरी यादवराव तसेच बसून होते, अजून काही यायचं असल्यासारखे. मृणाल आजोबांच्या तोंडाकडे बघत होती. ते काहीतरी बोलतील, मग ती आयलीला फोन करेल आणि विषय संपेल.

विषय म्हणजे हेच गाणं. मृणालनेच लिहिलेलं, तिनेच चाल लावलेलं, कीबोर्डवर गाऊन मॅनेजरला, म्हणजे आयलीला, पाठवलेलं. आणि सकाळी आयलीने सांगितलं की लंडनच्या टिल्डाला ते हवंय. टिल्डा म्हणजे जिची गाणी जिममध्ये, टॅक्सीत, सुपरमार्केटात, जाल तिथे वाजतात ती. तसं मृणालचंही काही कमी नव्हतं बरं का. पहिलं गाणं आलं तेव्हा अख्खं ग्लासगो तिच्याबरोबर गात होतं, एका फेस्टिव्हलला तर पोरं चिखलात उभी राहून रडली होती. पण दुसरा अल्बम कुणी ऐकलाच नाही, रेकॉर्ड कंपनीने हळूच हात काढून घेतला, आणि आता ती वीकेंडला लोकांच्या लग्नांत दुसऱ्यांची गाणी गाते. टिल्डाने गायलं तर हे गाणं जगभर जाणार, पण टिल्डाचं म्हणून. मृणालचं नाव कुठेतरी खाली बारीक अक्षरात, जिथे कुणी बघत नाही. नाही दिलं, तर ते आजोबांच्या या फ्लॅटबाहेर पडणार नाही. आज उत्तर द्यायचं होतं.

"आवडला का गाणं?" तिने विचारलं. ग्लासगोत जन्मलेली ती, तिच्या मराठीत गाणं कधी तो असतं, कधी ती.

"चाल छान आहे. पुढचं लाव."

"पुढे काही नाही. संपलं."

"असं कसं संपलं? नाव कुठे आलं?"

तिला कळेचना. मग यादवरावांनी सांगितलं. इथे येऊन बस चालवायच्या आधी ते नांदेडकडच्या एका गायन पार्टीत होते, जयंतीला गावोगाव भीमगीतं गायचे. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव आल्याशिवाय पेटीवाला पेटी मिटायचा नाही, आणि लोकही जागचे उठायचे नाहीत.

मृणालला हसूच आलं. पॉपमध्ये असं केलं तर लोक म्हणतील ही बाई स्वतःच्याच प्रेमात आहे. आणि गाणार टिल्डा, ती कशाला दुसरीचं नाव घेईल?

यादवराव चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, मागे लंडनकडे हाउन्सलोला जयंतीचा कार्यक्रम होता, मी मागच्या रांगेत. भारतातून नुकताच आलेला एक मुलगा स्टेजवर चढला आणि माझंच गाणं गायला लागला. तरुणपणी लिहिलेलं, कुठे छापलेलं नाही, कसली कॅसेट नाही. या तोंडातून त्या तोंडात जात जात तिथपर्यंत आलेलं.

"तो मला ओळखत नव्हता," ते म्हणाले. "पण शेवटी नाव त्याला घ्यावंच लागलं. यमकातच बसवलं होतं मी. काढलं तर कडवंच मोडतं."

मृणालने कीबोर्ड ओढला.

आता इंग्रजीत मृणालशी काय जुळणार? दुपारभर काही जुळेना. चहा झाला, दुसरा झाला. गाणं होतं कनालच्या, म्हणजे कालव्याच्या, काठाने घरी चालत येणाऱ्या मुलीचं, आणि शेवटी तो कनालच कामाला आला. पलीकडच्या काठावरून कुणीतरी तिला नावाने हाक मारतं. मृणाल, कनाल. जरा ओढूनताणून, पण ग्लासगोच्या उच्चारात बसलं. यादवरावांनी दोनदा म्हणून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "सहज निघेल असं ठेवू नको."

तिने ते कडवं आयलीला पाठवलं. गाणं देते, पण याच्यासकट, नाहीतर नको. आयलीला वाटलं हिचं डोकं फिरलंय, पण तिने पुढे पाठवलं. थोड्या वेळाने तिचाच फोन. लंडनवाले खूश आहेत, फक्त विचारतायत, ही मृणाल कोण? टिल्डाची वारलेली मैत्रीण म्हणून सांगितलं तर मुलाखतीत फार छान जाईल.

"वारली नाहीये," मृणाल म्हणाली. "मीच आहे ती. तसंच सांग त्यांना."

आयली म्हणाली, बरं, सांगते. आणि त्यानंतर काहीच नाही. मृणाल उगाच कप विसळत राहिली. यादवरावांनी टीव्ही लावला आणि आवाज बंद करून ठेवला. आपण एक चांगलं गाणं घालवलं, असं तिला वाटायला लागलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. व्हॉइस नोट होती, आयलीची नाही, टिल्डाची.

संगीत नाही, काही नाही. नुसता आवाज. जगभर ओळखतात तो, पण शाळेतल्या पोरीसारखा अडखळणारा.

"मुनाल. नाही. म्रू-नल. सॉरी, पुन्हा घेते. म्रिनॉल..."

बरोबर उच्चार रेकॉर्ड करून पाठवायला मृणाल निघाली. यादवरावांनी तिच्या हातातला फोन घेतला आणि कानाशी धरला.

"चुकू दे," ते म्हणाले. "घेतेय तर खरी."