धरणारं माणूस

“पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. आणि आजच,” डॉक्टर म्हणाले. “विष रक्तात उतरायला लागलंय.”

चंद्रभानजींनी चादर पायावर ओढून घेतली. मधुमेहाने बोटं काळी पडली होती. वास वॉर्डाच्या दारापर्यंत जात होता.

“नाही देत. मेलो तरी चालते.”

प्रेमिला तासाभरापासून संमतीचा कागद धरून उशाशी उभी होती. “सही करा न, बाबा. तुमच्या लेकीसाठी तरी.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. “डॉक्टरसाहेब, वय काय तुमचं?”

“एकतीस.”

“तुमचे बाबा शाळेत असतीन तवा. एकाहत्तरची लढाई. फौजी दवाखान्यात सर्जन कापे, मी पाय धरो. वीस पाय धरले.”

डॉक्टर घड्याळ पाहून बाहेर गेले. मग चंद्रभानजी लेकीला हळूच म्हणाले, “पाय कापून सुटला का एकदम जड होते वं. बादलीत टाक, म्हणत. म्या एकही खाली नाही ठेवला, गड्डा खोदून होईपर्यंत. आता माहा कोण धरन?”

“मी धरीन.”

“तुले जमन?”

“खाली ठेवणार नाही, बाबा.”

त्यांनी पेन मागितला. सही केली. सवयीप्रमाणे खाली तारीख घातली, वेळही घातली.

दोन तासांनी ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं. अटेंडंटच्या हातात हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. “चंद्रभानजींचं कोण आहे? हे पुरायले घरच्यांलेच न्या लागते.”

प्रेमिलाने दोन्ही हात पुढे केले. वजन आलं तशी ती किंचित वाकली.

“बाकावर ठेवा न, ताई. अजून टाइम आहे.”

तिने मान हलवली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हात भरून आले, मग बधिर झाले.

डॉक्टर बाहेर आले. टोपी हातात होती. पाय निघेपर्यंत सगळं ठीक होतं, ते सांगू लागले. मग रक्तदाब पडला. हृदय एकदा थांबलं, ते चालू केलं. दुसऱ्यांदा झालं नाही.

“तुम्ही बसा. ते द्या माझ्याकडे.” त्यांनी हात पुढे केला.

प्रेमिला एक पाऊल मागे सरकली. कापडाच्या वरच्या टोकाला अजून ऊब होती.