त्याच नावाची फाईल

“मामा, परत उघडलीत ना ती फाईल?” भाचीनं विचारलं. कॉम्प्युटरचा स्क्रीन काळा पडला होता आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ नुसती लुकलुकत होती.

मामा टेबलाच्या कडेला अपराध्यासारखे उभे होते. “नाव तेच होतं गं,” ते म्हणाले. “अक्षरन् अक्षर तेच.”

“त्यांना काय विचारतेस?” मामी स्वयंपाकघरातून ओरडली. “पालथ्या घड्यावर पाणी!”

भाची कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. हा कॉम्प्युटर तिनं याआधीही साफ करून दिला होता. तो मामांचा नव्हता, भोंग्याचा होता. भोंगा म्हणजे मामा-मामींचा एकुलता एक मुलगा. जन्मल्याबरोबर त्यानं असा काही गळा काढला की दवाखान्यातच हे नाव पडलं, आणि पुढं तो गायला लागल्यावर ते बदलायची कुणाला गरज वाटली नाही. गेल्या वर्षी तो दुचाकीवरून कामाला निघाला आणि वाटेतच गेला.

त्यानं एक गाणं केलं होतं. ‘डावा मोजा कुणी नेला’. स्वतः लिहिलं, स्वतः म्हटलं, मध्येच हसू फुटलं तेही तसंच ठेवलं. मामांना ते हसू हवं होतं. गाणं होतं फक्त त्याच्या फोनमध्ये, आणि फोनचा त्या दिवशी रस्त्यावर चुरा झाला. पण भोंगा एकदा म्हणाला होता, “बाबा, गाणं नेटवर्कवर टाकलंय. आता जगातलं कुणीही ते माझ्याकडून घेऊ शकतं.” लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरमधून थेट गाणी-सिनेमे उतरवून घेतात, तसलं ते नेटवर्क. मामांनी एवढंच धरून ठेवलं. कुणी ना कुणी घेतलं असेलच की. कुठल्यातरी परक्या घरात आपलं पोर अजून हसत असेल.

म्हणून ते रोज शोधाच्या चौकटीत गाण्याचं नाव लिहायचे. आणि गंमत म्हणजे, नाव यायचं! मामांनी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलेला. मूळ प्रत आणि छापलेला मजकूर अक्षराला अक्षर जुळला की काम चोख, यापलीकडे त्यांनी कधी शंका घेतली नव्हती. शिवाय असलं वेडगळ नाव दुसऱ्या कुणाला सुचणार? ते क्लिक करायचे, फाईल उतरायची, उघडायची, आणि गाण्याऐवजी कॉम्प्युटरचेच तीनतेरा वाजायचे.

बऱ्याच खटपटीनं भाचीनं तो पुन्हा सुरू केला. भोंग्याचे सगळे फोटो त्यातच होते, अगदी पाळण्यातल्यापासूनचे. ते तिनं आधी उघडून पाहिले.

“या खेपेला थोडक्यात वाचले,” ती म्हणाली. “मी आज सगळे दुसरीकडे उतरवून घेते. पण त्याआधी असली फाईल पुन्हा उघडलीत तर एकही फोटो हाती लागायचा नाही.”

“ऐकलंत?” मामी हात पुसत बाहेर आली. “गाण्यापायी पोराचं तोंडही घालवाल. गेलेलं माणूस असं शोधून सापडतं का? मी बसले का कधी शोधत?”

ते खरंच होतं. मामीला कुणी रडतानाही पाहिलं नव्हतं. महिना व्हायच्या आत तिनं भोंग्याचे कपडे देऊन टाकले होते, त्याच्या खोलीला नवा रंग लावून घेतला होता. काळजाची घट्ट बाई, असं नातेवाईक म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं म्हणत नसत.

भाचीला मामांकडे बघवेना. पण आज सांगून टाकायलाच हवं होतं.

“मामा, ते गाणं तिथं नाहीये. कुणीच घेतलं नव्हतं. काही लबाड लोक त्या नेटवर्कवर सापळा लावून बसलेले असतात. तुम्ही जे लिहाल तेच नाव फाईलला चिकटवून लगेच परत पाठवतात. आत नुसता व्हायरस. ते नाव त्यांना तुम्हीच सांगता.”

“असं कसं होईल?”

“मग जे जगात नाही असं काहीतरी लिहा. बघा तरी येतं का.”

मामांचा हात उठेना. काय लिहावं तेच त्यांना सुचेना. शेवटी मामीनं खुर्ची पुढं ओढली. “सरका. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे,” ती म्हणाली, आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत तिनं लिहिलं.

भोंगा घरी आला.

क्षणभर चौकटीखाली काहीच नव्हतं. मग एक ओळ आली. भोंगा घरी आला. तिच्याखाली दुसरी आली, तिच्याखाली आणखी एक. सगळ्यांचं नाव तेच.

“पाहिलंत?” भाची हळूच म्हणाली.

मामांनी त्या ओळी सवयीनं अक्षर अक्षर वाचल्या. मग त्यांनी चष्मा काढला. “कळलं,” ते म्हणाले. “सगळं खोटं आहे. बंद कर, बाई. आता नाही शोधायचो.” आणि भिंतीकडे तोंड करून ते हमसून हमसून रडायला लागले. इतके दिवस जपलेली आशा गेली होती, आणि तिच्याबरोबर पोर दुसऱ्यांदा गेलं होतं.

भाचीनं बंद करायला हात पुढं केला. मामीनं तो बाजूला सारला. तिनं माऊस हातात घेतला.

“मामी, अगं, काय करतेस? ते खोटं आहे! सगळे फोटो जातील!”

“कळतंय गं मला,” मामी म्हणाली, आणि तिनं पहिल्या ओळीवर क्लिक केलं. “पण आलाय म्हणतंय ना? मग बाहेर कसा ठेवू त्याला?”