घासलेला पंख

"लोर्ना, शंभर वर्षांचा काळेपणा होता तो! घासलं की असली वस्तू मातीमोल होते. कितीदा सांगायचं?"

"तुझ्या भंगाराला हात लावायला मला वेड लागलंय का?" बायको पॅनकेक उलटत म्हणाली.

पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकाच्या छातीवरचा चांदीचा पंख, म्हणजे त्याचा बिल्ला, मी डेटन शहरातल्या जुन्या वस्तूंच्या जत्रेत मिळवला होता. आज सलग तिसऱ्या सकाळी तो आदल्या दिवसापेक्षा जास्त लखलखत होता. काचपेटीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात.

चांदी घासली की बोटं काळी होतात. मी लोर्नाचे हात ओढून पाहिले. नुसतं पीठ. माझेही स्वच्छ.

वैतागून पेटीकडे वळलो. पंखाशेजारी त्याच वैमानिकाचा फोटो असतो. मांडीवर ठेवलेले त्याचे गोरे हात मला पाठ आहेत.

आज त्याची बोटं काळी होती.