बाजेखालची टिकटिक

माह्या गळ्याची आन, यातला शब्दन्‌शब्द खरा हाये.

अमरावतीच्या मायानं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक यंत्र बनवलं होतं. आभाळातून येणारे बारीक कण ते मोजे. कण आला की टिक. हे कण माणूस, स्लॅब, सगळ्यांतून आरपार जातात. पण तिचं यंत्र रोज दुपारी तीनले पाच मिनिटं मुकं होऊन जाय.

"आकडे घरी बसून भरले काय?" सर म्हणाले. "सोमवारी असेच आणले, तर प्रोजेक्ट बाद."

यंत्र दोरीच्या बाजेखाली ठेवलेलं, अन् बाज रिकामी. घाबरून मायानं ते अकोल्याले इंदूमावशीकडे नेलं. मावशीच्या खोलीत जागा नव्हती. तिनंही ते बाजेखालीच सरकवलं.

"मावशी, मी वर झोपून पाहतो. माणसानं कण अडतात का, ते समजंन."

"झोप ना बाप्पा. तुह्यासारख्या काडीनं आभाळ अडते काय?"

माया एकटीच बाजेवर पडली. खाली टिकटिक चालूच होती. मायाले जरा हायसं वाटलं.

तीन वाजले. टिकटिक थांबली.

एक गोष्ट मात्र मी मनची घातली. बाजेवर माया एकटीच होती म्हटलं, ते.